बरोबर जायला माणूस

सहावीत असताना आमचा खो-खोचा संघ तालुक्याच्या स्पर्धेला जाऊ शकला नाही. महिनाभर सराव झाला होता, मुलं तयार होती. बरोबर जायला मोठं माणूस तेवढं मिळालं नाही. डिचोलीजवळच्या आमच्या गावात त्या दिवशी गणवेशाची पिशवी मांडीवर घेऊन मी संध्याकाळपर्यंत सोप्यावर बसून होतो.

पुढे नोकरीसाठी पणजीला आलो. 26 ऑक्टोबर ते 9 नोव्हेंबर 2023 या काळात 37 वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाली, तेव्हा कांपालला स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. काम साधं होतं. खेळाडूंना वाट दाखवायची, पाणी पोचवायचं, सामना संपला की बसपर्यंत सोडायचं. एका संध्याकाळी ईशान्येकडच्या एका मुलीची बस चुकली. दुसरी बस येईपर्यंत मी तिच्याबरोबर थांबलो. आमची भाषा जुळत नव्हती. पण बस सुटताना तिनं खिडकीतून हात हलवला आणि मला तो सोपा आठवला.

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी मी मुलांचा खो-खोचा सराव घ्यायला कदंब बसनं गावी जातो. गावातले दोन मित्र सोबतीला आहेत. आधी तांबड्या मातीतले खडे वेचायचे, मग फक्की मारायची. मैदान 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद. दोन टोकांना खांब, मधली पाटी, आडव्या पाट्या आणि आठ चौक. आखणीत तास जातो. रेघ सरळ पडली की मुलं सरळ धावतात, हे तिथंच कळलं.

सुरुवातीला मुली सातच होत्या. "तिन्हीसांजेला पोरगी एकटी कशी यायची?" आयांचा प्रश्न रास्त होता. आम्ही सराव पावणेसहाला थांबवू लागलो आणि प्रत्येकीला दारापर्यंत सोडू लागलो. दोन महिन्यांत सातांच्या अठरा झाल्या. एक आई मुलीला न्यायला यायची, कठड्यावर बसून राहायची. एकदा म्हणाली, "भाऊ, ते घड्याळ माझ्याकडे द्या. नुसती बसून काय करू?" आता आमच्या वेळाधिकारी त्याच. धाप लागते म्हणून बाजूला बसणारा एक मुलगा गुणलेखक झाला. त्याच्या वहीत एकही गडी चुकीचा बाद होत नाही.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला. महिला संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. आमच्या मुलींनी अंतिम सामना एकाच मोबाइलवर डोकी जोडून पाहिला. पुढच्या शनिवारी मी पोचलो, तर मैदानातले खडे आधीच वेचून झाले होते.

त्या वर्षी आमचा संघ तालुक्याला गेला आणि दुसऱ्याच सामन्यात हरला. परतताना बसमध्ये मुलींनी पळतीत कुठं चुकलो याची चर्चा डिचोली येईपर्यंत केली. त्यांना हरता आलं, कारण त्या तिथवर गेल्या होत्या.

मुलांच्या खेळाला पैसा लागतो, प्रशिक्षक लागतो, हे खरंच. पण आधी बरोबर जायला माणूस लागतो. तुमच्या गावात, वाड्यावर असं कुणी आहे का, विचारून पाहा. नसेल, तर येत्या शनिवारी तुम्ही जा.