मुदतीबाहेरचे दिवस

सांगलीच्या आमच्या घरात माजघराच्या भिंतीवर २०१२ सालचे कालनिर्णय २०१४ च्या मार्चपासून २०१५ च्या २० डिसेंबरपर्यंत टांगलेले होते. जुनी कालनिर्णये माळ्यावर जपून ठेवण्याची आप्पांची सवय. त्यांतून हे एक शोधून काढून, धूळ झटकून, त्यांनी ते चालू वर्षाच्या कालनिर्णयाशेजारी अडकवले, १० मेच्या चौकोनात शिसपेन्सिलीने एक हा आकडा घातला आणि तेथून एकही चौकोन न गाळता ते २० डिसेंबरच्या चौकोनात २२५ वर येऊन थांबले. अमेरिकेत मी मुदतीबाहेर काढलेले ते दिवस होते. ५ नोव्हेंबरच्या चौकोनातील १८० या आकड्याभोवती त्यांनी तांबड्या शाईने वर्तुळ काढले, आणि मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

हकीकत अशी. २०११ च्या सप्टेंबरात, अमेरिकेची मुंबईतील वकिलात अजून ब्रीच कँडीला, पूर्वी वांकानेरच्या राजघराण्याचा प्रासाद असलेल्या लिंकन हाउसमध्ये होती तेव्हा, मला तेथून पर्यटकाचा व्हिसा मिळाला. न्यू जर्सीतील एडिसन येथे राहणाऱ्या ताईचे पहिले बाळंतपण जानेवारीत व्हावयाचे होते. आई संधिवाताने जखडलेली, म्हणून तिच्याऐवजी मी निघाले. १० नोव्हेंबर रोजी न्यूअर्कच्या विमानतळावर अधिकाऱ्याने पारपत्रावर शिक्का उमटवला आणि शिक्क्यावर व पारपत्रास टाचलेल्या पांढऱ्या पत्रकावर ९ मे २०१२ ही तारीख घातली. व्हिशावर मात्र २०२१ साल छापलेले होते. माझ्या आयुष्याची पुढील चार वर्षे जिने व्यापली ती गफलत या दोन तारखांमधली. व्हिसा हा दारापर्यंत येण्याचा परवाना. आत आल्यावर किती दिवस राहावयाचे हे ठरते त्या पांढऱ्या पत्रकावरून. घरात हा भेद कोणासच उमगला नव्हता असे म्हणून मी मोकळी होऊ शकत नाही, कारण एप्रिलमध्ये मी ती तारीख वाचली होती, दाजींना विचारलेही होते, आणि "व्हिसा दहा वर्षांचा आहे की" हे त्यांचे उत्तर माझ्या सोयीचे असल्यामुळे पुढे चौकशी केली नव्हती. मुदत संपण्यापूर्वी वाढीचा अर्ज करण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि वेळेत केलेला अर्ज विचाराधीन असेतो हे दिवस सहसा मोजले जात नाहीत; तो अर्ज आम्ही केला नाही.

राहण्याचे कारण खोटे नव्हते. बाळंतपणानंतर ताईला जो विषाद जडला त्याची आम्हां कोणास कल्पना नव्हती. बाळ रडू लागले की ती भिंतीकडे तोंड करून निजे. त्याला हातात घेण्याची तिला भीती वाटे, आणि ती भीती कोणाजवळ बोलून दाखवण्याची त्याहून अधिक. दाजी कामावर गेले की त्या घरात मी आणि ते बाळ असे दोघेच जागे असू. उन्हाळा सरता सरता औषधांना गुण येऊ लागला, आणि ऑक्टोबरच्या प्रारंभी एके सकाळी ताईने आपण होऊन बाळाला न्हाऊ घातले तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच रडले. २ नोव्हेंबरचे परतीचे तिकीट काढले. तोच २९ ऑक्टोबरला सँडी नावाचे चक्रीवादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळले, वीज गेली, विमानांचे वेळापत्रक विस्कटले. विमानकंपनीने ४ नोव्हेंबरची जागा देऊ केली होती. थंडगार अंधाऱ्या घरात, मेणबत्तीच्या उजेडात बाळाला पांघरुणात गुंडाळून बसलेली ताई म्हणाली, "आता त्याची पहिली दिवाळी तरी करून जा." लक्ष्मीपूजन १३ तारखेला होते. मी राहिले, दिवाळीनंतर जी स्वस्त जागा मिळाली ती २० डिसेंबरची. ४ नोव्हेंबरला निघाले असते तर आप्पांची पेन्सिल १७९ वर थांबली असती.

त्याच वर्षीच्या गणेशोत्सवात तेथे ज्यांची माझी ओळख झाली होती त्यांच्याशी २०१४ च्या फेब्रुवारीत सांगलीस माझा विवाह झाला. यजमान अमेरिकेचे नागरिक. नागरिकाच्या पत्नीसाठी व्हिशाच्या संख्येची मर्यादा नसते, तेव्हा वर्षभरात मी तिकडे जाईन असा सर्वांचा हिशेब होता. मार्चमध्ये अर्ज दाखल करताना त्यांच्या वकीलबाईंनी माझ्या पूर्वीच्या वास्तव्याच्या तारखा विचारल्या, आणि त्या ऐकून काही क्षण त्या स्तब्ध राहिल्या. मग त्यांनी समजावून दिले ते असे. १९९६ साली तेथे जो कायदा झाला त्याअन्वये मुदतीबाहेर १८० दिवसांहून अधिक परंतु एक वर्षाहून कमी राहून जो आपण होऊन देश सोडतो त्यास, निघाल्या दिवसापासून तीन वर्षे पुन्हा प्रवेश नाही; एक वर्ष वा अधिक राहिलेल्यास दहा वर्षे. हा निर्बंध लागू होतो तो देश सोडल्यामुळे. रीतसर तपासणी होऊन प्रवेश मिळालेली परकी स्त्री मुदत उलटल्यावरही तेथेच राहून नागरिकाशी विवाह करील आणि तेथूनच अर्ज करील, तर मुदतीचा हा भंग सहसा तिच्या आड येत नाही. पती केवळ ग्रीन कार्डधारक असेल तर ही मोकळीक नाही. आईवडिलांच्या समक्ष, आपल्या अंगणात विवाह व्हावा म्हणून परतलेल्या मुलीला ही व्यवस्था प्रथम फार अन्यायाची वाटली. आजही ती मला न्याय्य वाटत नाही; परंतु तिच्याविरुद्ध ओरडून माझा एकही दिवस कमी व्हावयाचा नव्हता.

पुण्यातील परदेशगमनाची कागदपत्रे करून देणाऱ्या एका गृहस्थांचे नाव कोणीतरी सुचवले. त्यांनी माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि अर्जातील ज्या प्रश्नात "मुदतीपेक्षा अधिक काळ कधी राहिला आहात काय" असे विचारलेले असते, त्यापुढे "नाही" लिहावे असा सल्ला दिला. पांढरे पत्रक निघताना परत घेतलेले, पारपत्र नवे निघालेले. कोण पाहते, असे त्यांचे म्हणणे. घरी परतताना एस.टी.त खिडकीशी बसून मी त्या एका शब्दाचा विचार करीत होते. त्याने माझे तीन वर्षांचे उरलेले ओझे उतरणार होते, आणि मी मोहात पडले होते हे येथे कबूल केले पाहिजे.

आप्पांनी सर्व ऐकले. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झालेले. सात-बाराचे उतारे आणि फेरफाराच्या नोंदी यांत त्यांची छत्तीस वर्षे गेली होती. ते म्हणाले, "बाळ, दप्तरात चूक झाली तर तिच्यावर एकच रेघ ओढायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी, शेजारी खरा आकडा लिहायचा आणि सही करायची. ज्याने ब्लेडने खरवडले त्याची नोकरी गेली. चुकीबद्दल कोणाची गेलेली मी पाहिली नाही." दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी दूरध्वनीवर तेच कायद्याच्या भाषेत सांगितले. महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून व्हिसा मिळवू पाहणाऱ्यावर जो निर्बंध येतो त्याला वर्षांची मर्यादा नाही; माफीचा निराळा अर्ज मंजूर होईल तरच तो उठतो, एरवी जन्मभर. त्याच आठवड्यात आप्पा माळ्यावर चढले.

विवाह खरा आहे हे दाखवण्यासाठी छायाचित्रे, पत्रे, दूरध्वनीची बिले यांची चवड रचणे, पोलिसांचा दाखला, यजमानांचे उत्पन्नाचे हमीपत्र, यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. ते सर्वांनाच करावे लागते. २०१५ च्या ऑगस्टात वांद्रे-कुर्ला संकुलातील नव्या वकिलातीत मुलाखत झाली. काचेपलीकडील अधिकारी बाईंनी उजवा हात वर करवून शपथ घेवविली. विवाह कोठे झाला, यजमान काय करतात, सासूबाईंची प्रकृती कशी आहे, असे चार प्रश्न झाले आणि मग त्यांनी माझ्या अर्जातील ते पान पुढे ओढले.

"मुदतीनंतर किती दिवस राहिलात?"

"दोनशे पंचवीस."

त्यांनी पडद्याकडे पाहिले, बोटाने काही मोजल्यासारखे केले आणि मान हलवली. कारण विचारले, ताईचे आजारपण मी सांगितले, दिवाळीही सांगितली. त्यांचा स्वर कठोर नव्हता. तीन वर्षांचा निर्बंध २० डिसेंबरपर्यंत आहे, तोवर व्हिसा देता येत नाही, हवे तर माफीचा अर्ज करावा, असे लिहिलेला कागद त्यांनी मला दिला. तो घेऊन मी बाहेर आले तेव्हा रस्त्यापलीकडे उभे असलेले आप्पा माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, हातातील कागदाकडे पाहत होते.

या माफीच्या अर्जाची एक गोष्ट मला आजवर विसरता आलेली नाही. अर्जदाराचे हाल त्यात विचारातच घेतले जात नाहीत. नागरिक असलेल्या पतीस पत्नीवाचून असाधारण हालअपेष्टा सोसाव्या लागतील असे सिद्ध करावे लागते. सामान्य विरहाचे दुःख पुरत नाही. म्हणजे दर रविवारी दूरध्वनीवर "माझे सगळे ठीक आहे" असे मला सांगणाऱ्या या माणसाने, आपले काहीही ठीक नाही असे सरकारला लेखी कळवावयाचे होते. त्यांनी पत्र लिहून वकीलबाईंकडे पाठवले. परंतु निर्बंधाचे जेमतेम चार महिने उरले होते आणि माफीचा निर्णय त्याआधी लागण्याचा संभव नव्हता, म्हणून थांबणेच बरे असे ठरले. ते पत्र दाखल झाले नाही, आणि त्यात काय आहे हे मी विचारले असता यजमानांनी विषय बदलला.

२० डिसेंबरच्या रात्री आप्पांनी जुने कालनिर्णय खिळ्यावरून काढले आणि गुंडाळी करून माळ्यावर ठेवले. वैद्यकीय तपासणीची मुदत उलटल्यामुळे ती नव्याने झाली, जानेवारीत व्हिसा हाती आला, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत मी पुन्हा न्यूअर्कला उतरले.

पिसकॅटवेच्या घरी कागदपत्रे लावताना ते पत्र मला सापडले. अर्धांगवायूनंतर सासूबाईंना अंथरुणातून उठवताना यजमानांची पाठ धरली होती आणि तीन महिने ते पट्टा बांधून कामावर जात होते. आईला न्हाऊ घालण्यास मुलाचा संकोच वाटतो, आणि त्याहून अधिक आईला वाटतो. गेल्या वर्षभरात त्यांनी घरात दुपारचा दिवा कधी मालवला नव्हता, कारण अंधारात बसलेल्या आईला एकटे वाटते, असे त्यांनी लिहिले होते. शेवटी, माझी पत्नी खोटे बोलली नाही याची कृपया नोंद घ्यावी, एवढे एकच वाक्य निराळ्या परिच्छेदात होते. मी ते पुन्हा एकदा वाचू लागले, इतक्यात आतल्या खोलीतून सासूबाईंनी घंटी वाजवली. त्यांच्या न्हाण्याची वेळ झाली होती. पत्र घडी करून फायलीत ठेवले आणि मी पाणी तापवायला गेले.