ब्राउझरने किती जाणावे?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील पतसंस्था, दूधसंस्था व हळदीचे अडते यांच्या हिशेबाचे प्रोग्रॅम लिहिण्यात ज्याची हयात चालली आहे, त्याला ब्राउझरविषयी वाटणारी चिंता वाचकाची नसून कारागिराची असते; कारण संस्थेचे सारे दप्तर आज ज्या खिडकीतून उघडते, त्याच खिडकीतून रोखपाल फावल्या वेळी बातम्या आणि जाहिरातीही पाहतो.

1990 साली टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत पहिला ब्राउझर रचला, तो संशोधकांना एकमेकांचे कागद वाचता यावेत एवढ्या मर्यादित हेतूने. पुढे चित्रे आली, 1995 साली जावास्क्रिप्ट आली, मग ध्वनी, कॅमेरा, स्थाननिश्चिती अशी एकेक बाब त्याच्या अमलाखाली येत गेली. आणि कोट्यवधी ओळींच्या त्या पसाऱ्याची खातरजमा करणे कोणाही एका माणसाच्या आवाक्यात उरले नाही.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील जॉन हॉवेल, ब्रायन पार्नो आणि जॉन डूसर यांनी 2013 साली ‘एम्बसीज’ या नावाने ब्राउझरच्या रचनेचा मुळापासून फेरविचार मांडला. ब्राउझरने पानांचा अर्थ लावूच नये. अ‍ॅप आणावे, ते इतरांपासून अलग ठेवून सुरू करावे, त्याला पडद्याचा एक चौकोन आणि जाळ्यावर निरोप पाठवण्याची मुभा द्यावी, आणि तो चौकोन कोणाचा हे नाव ग्राहकाला खात्रीने दाखवावे. अक्षरे, चित्रे, मांडणी ही सामग्री ज्याची त्याने बरोबर आणावी.

सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवण्याच्या रीतीत हेच तत्त्व मला दिसते: भूमी सामाईक, परंतु प्रत्येक पेव स्वतंत्र खोदलेले आणि तोंडाशी बंद केलेले. 2005 च्या महापुरात पाणी त्या भूमीतच शिरले, तेव्हा पुष्कळ पेवे एकदम निकामी झाली. म्हणून खालचा सामाईक भाग तपासून घेता येईल इतका लहान असावा, हा त्या तिघांचा आग्रह मला सर्वांत मोलाचा वाटतो.

तो भाग तसाच ठेवून ब्राउझरच्या दाराचे नियम नुसते कडक करून भागत नाही. 2015 साली क्रोमने जुनी प्लगइने बंद केली, ते योग्यच झाले. पण डिजिटल सहीचे डोंगल ज्यांच्या आधारे चाले ते जावा अ‍ॅपलेट त्याबरोबर गेले, आणि सहीसाठी संगणकावर निराळा प्रोग्रॅम बसवण्याचा शिरस्ता पडला, ज्यावर ब्राउझरचा पहारा उरला नाही.

माझी हरकत आहे ती अक्षरांपुरती. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापले फॉन्ट वापरीत, आणि तिथला मजकूर अन्यत्र उतरवला की निरर्थक चिन्हांची रास हाती येई. प्रत्येक अ‍ॅपने स्वतःची अक्षरे काढायची ठरवली, तर जोडाक्षर नीट उमटणे, खातेदाराचे नाव शोधता येणे, वृद्ध सचिवाला अक्षर मोठे करता येणे, हे सारे प्रत्येक निर्मात्याच्या मर्जीवर राहील. ती सामग्री सर्वांसाठी एकच, खुली आणि तयार मिळावी. मात्र तिला पहारेकऱ्याचा अधिकार नसावा.

तूर्त मी संस्थेच्या कामासाठी ब्राउझरचे स्वतंत्र प्रोफाइल करतो, त्यात एकच पत्ता उघडू देतो आणि इतर सर्व वाटा बंद करतो. त्याने शेजारच्या पानांचा उपद्रव बराच टळतो. खालचा कोट्यवधी ओळींचा भार मात्र तसाच राहतो.