गाडी गेली तरी चालेल, पत राख

पाटोदा, जि. बीड
कार्तिकी एकादशी

चि. बाळास,


परवा तुझा फोन आला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. ‘कोर्टात दिवाळखोरी जाहीर केली की कर्जही मिटतं आणि गाडीही राहते’ असं तुला कुणीतरी सांगितलंय. बाळा, तसं होत नाही. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

गाडीचं आरसी काढून बघ. तुझ्या नावासोबत फायनान्स कंपनीचंही नाव छापलेलं आहे. हप्ते फिटेपर्यंत गाडी त्यांच्याकडे तारण आहे, असा त्याचा अर्थ. तुझ्यासारख्याच्या दिवाळखोरीला आजही १९२०चा नादारीचा कायदा लागतो. २०१६च्या नव्या संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग अजून फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच लागू झालाय. त्या जुन्या कायद्यात तू नादार ठरलास, तरी तारणावरचा कंपनीचा हक्क तसाच राहतो. गाडी ते नेऊ शकतात. आणि कोर्टानं तुला मोकळं केलं, तरी जामीनदार मोकळा होत नाही.

तुझ्या कागदावर जामीनदार म्हणून सही कुणाची आहे? दाजींची. दिवाळी होताच अक्का आणि दाजी ट्रॅक्टरवर संसार बांधून ऊसतोडीला गेले. मुकादमाची उचल अजून अंगावर आहे. त्यात तुझी बाकी त्यांच्या माथी आली, तर दोन एकर कोरडवाहूवर ते काय काय फेडणार?

हे मी भोगलंय. मित्राच्या ट्रॅक्टरला मी जामीन राहिलो होतो. ऐन हंगामात त्याची ऊसतोडीची टोळी पळाली, तिला दिलेली उचल बुडाली, हप्ते थकले. पुढं तुझ्या ताईच्या नर्सिंगसाठी बँकेत कर्ज मागायला गेलो, तर साहेबांनी माझा सिबिलचा रिपोर्ट समोर ठेवला. महिन्यामहिन्याचे चौकोन आणि त्यात उशिराचे दिवस : ३०, ६०, ९०. ज्या ट्रॅक्टरवर मी कधी बसलो नाही, त्याची थकबाकी माझ्या नावावर. तीस वर्षं पतसंस्थेत लोकांची खतावणी लिहिली आणि त्या दिवशी माझीच पत मला दाखवता आली नाही. घरी येऊन ताईला काय सांगू, तेच सुचेना.

म्हणून आता ऐक. हप्ता ९० दिवसांवर थकला की खातं एनपीए होतं. त्याआधीच कंपनीला लेखी कळव, हप्ते कमी करून मुदत वाढवून माग. तेही झेपणार नसेल, तर त्यांची लेखी परवानगी घेऊन गाडी तूच वीक. लिलावात गाडी बहुतेक पडेल भावात जाते आणि कमी पडलेली रक्कम तुझ्याच नावावर राहते. ‘थोडे भरा, सेटलमेंट करू’ म्हणाले तर विचार करूनच हो म्हण. रिपोर्टवर ‘सेटल्ड’ शेरा पडतो, आणि पुढचा सावकार तो ‘पूर्ण फेडलं नाही’ असाच वाचतो. सगळं फेडलंस की एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवून घे. वसुलीवाल्यांना घाबरून फोन बंद ठेवू नकोस. सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर त्यांनी फोन करायचा नाही, दमदाटी तर नाहीच, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

तुझा रिपोर्टही मागवून घे. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांना वर्षातून एकदा तो फुकट द्यावा लागतो. चुकीची नोंद असेल तर तक्रार कर. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. खरी नोंद मात्र कुणी पुसून देत नाही. पैसे घेऊन ‘सिबिल साफ करतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नकोस. वेळेवर भरलेले पुढचे हप्तेच ती नोंद हळूहळू मागं सारतात.

सोमवारी सकाळच्या एसटीनं मी पुण्याला येतोय. आरसी, कर्जाचा खातेउतारा आणि रिपोर्ट काढून ठेव. दोघं मिळून शाखेत जाऊ. गुढीपाडव्याच्या सुमारास दाजी ऊस संपवून घरी येतील. तेव्हा दारात गाडी नसली तरी त्यांना चालेल. त्यांच्या नावाची नोटीस मात्र आलेली नसावी.

तुझा,
मामा