वल्हे पाण्यात असू द्या

२०१९ च्या फेब्रुवारीत आई देवाघरी गेली. तिचा अंत्यविधी मीच केला. इतरांच्या दुःखात आजवर जे सांत्वनाचे शब्द बोलत आलो, तेच त्या दिवशीही उच्चारले. त्यानंतर मात्र माझी प्रार्थना आटली. मिस्सा होत होती, प्रवचनेही होत होती; पण रात्री एकांतात गुडघे टेकले की मन कोरडे ठणठणीत असे. धर्मगुरूने हे सांगावे तरी कोणाला?

त्या जुलैत धर्मग्रामातील तरुणांबरोबर लडाखला जाण्याचा योग आला. काश्मीरमधून खडतर वाटा तुडवीत इप्पोलितो देसिदेरी हे येशूसंघीय धर्मगुरू १७१५ साली ज्या लेहला पोहोचले, तेथेच आमचा मुक्काम होता. वर्षाकाठी जेमतेम दहा सेंटिमीटर पावसाचे हे थंड वाळवंट! एके सकाळी मुलांनी मला झांस्कर नदीवर नेले. चिलिंगपासून ती सिंधूला मिळते त्या निम्मूपर्यंत रबरी तराफ्यातून जायचे होते.

मी समुद्रकाठचा, होडी मला नवी नाही. पण ही घळ पाहून छाती दडपली. दोन्ही बाजूंना तांबूस-करडे उभे कडे, त्यांवर गवताची काडी नाही. आणि मधून उसळणारे मातकट पाणी. या उजाड प्रदेशात एवढे पाणी आले कोठून?

“हे पाणी इथले नाही, फादर,” आमचा नेपाळी नावाडी म्हणाला. “वर बर्फ वितळते, ते येते.”

मग उमगले. पाऊस असता तर कडे झिजून उतरते झाले असते. येथे दूरच्या हिमातून आलेली नदी तेवढी खडक खोल कापीत जाते. म्हणून घळ इतकी अरुंद.

नावाड्याने बजावले होते, “लाट आली की माणूस घाबरून वल्हे उचलतो. तसे करू नका. वल्हे पाण्यात असले तर तुम्हालाही आधार आणि तराफ्यालाही.” मी मान डोलावली. पहिल्याच मोठ्या खळाळात मी नेमके वल्हे उचलले आणि दोरी घट्ट धरली. तराफा लाटेला आडवा झाला व माझ्यापुढचा मुलगा पाण्यात फेकला गेला. नावाड्याने क्षणार्धात त्याच्या जाकिटाचे पट्टे धरून त्याला वर ओढले. थंडीने कुडकुडत तो हसला, “फादर, तुम्ही थांबलात ना?”

त्या शब्दांत राग नव्हता. तरी ते जिव्हारी लागले. पुढच्या खळाळांत मी वल्हवीत राहिलो. कित्येकदा वल्ह्याला पाणी न लागता नुसता फेसच लागे.

त्या रात्री लेहमध्ये गुडघे टेकून, आईने लहानपणी शिकवलेली प्रभूची प्रार्थना सावकाश म्हटली. कोरडेपणा गेला नाही. तो सरायला पुढे वर्ष लागले. पण त्या रात्रीपासून मी प्रार्थना एकदाही चुकवली नाही.

प्रिय वाचकहो, घरात मृत्यू झाल्यावर ज्यांची संध्याकाळची रोझरी बंद पडली आहे, अशी कुटुंबे मला भेटतात. त्यांना मी आता उपदेश करीत नाही. माझ्यापुढचा तो मुलगा पाण्यात का पडला, एवढेच सांगतो.