पोसायडन, मुक्काम मुळशी

18 नोव्हेंबर
मेणातलं धड आणि खांदे झाले, हाताचं अडलंय. कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये परत जाऊन आलो ते त्यासाठीच. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडात मिळालेला ब्राँझचा पोसायडन तिथे आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि मो. ग. दीक्षित यांनी 1945-46 साली ज्या टेकाडाचं शास्त्रशुद्ध उत्खनन केलं, तेच हे टेकाड. सातवाहनांच्या काळात रोमन व्यापाराबरोबर आलेला ग्रीक सागरदेव. वीतभर उंचीसुद्धा नाही, पण खांद्यांचा डौल असा की काचेपुढून हलवत नाही. त्रिशूळ मात्र गेलेलं आहे.

अथेन्सच्या संग्रहालयातल्या आर्टेमिसियनच्या भव्य ब्राँझचंही तेच. 1926 ते 1928 च्या दरम्यान समुद्रातून निघालेला तो पुतळा झ्यूसचा की पोसायडनचा, यावर अभ्यासकांचा वाद आहे, कारण हातातलं शस्त्र हरवलंय. वज्र असेल तर झ्यूस, त्रिशूळ असेल तर पोसायडन. मला वाटतं, देव शस्त्रावरून ओळखावा लागत असेल तर शिल्पकाराचं काम अर्धंच झालं. माझ्या पोसायडनला त्रिशूळ नसेल.

21 नोव्हेंबर
होमरची वाटणी डोक्यात घोळते आहे. तीन भावांनी चिठ्ठ्या टाकल्या. झ्यूसला आकाश मिळालं, हेडीसला पाताळ, पोसायडनला समुद्र. जमीन मात्र तिघांची सामाईक राहिली.

मुळशीत बसून हे वाचताना वेगळं वाटतं. शेडबाहेर आलं की धरणाचं पाणी दिसतं. 1921 च्या रामनवमीला पांडुरंग महादेव बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे शेतकरी याच जमिनीसाठी सत्याग्रहाला उभे राहिले. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यातून. लढा हरला, धरण झालं, भातखाचरं पाण्याखाली गेली. शेजारच्या आजी पाण्याकडे हात करून “आमचं वावर तिकडं हाय” असंच म्हणतात, होतं नाही म्हणत. इथे पाण्याचा देव घडवायचा तर त्याचा हात जमिनीला विसरलेला असून चालणार नाही.

30 नोव्हेंबर
ठरलं. उंचावलेला हात खाली आणला. तळवा पालथा, बोटं जराशी फाकलेली, जमिनीपासून चार बोटं वर. दाबतो आहे की सावरतो आहे, हे बघणाऱ्याने ठरवावं.

अंगठ्याच्या मुळाशी मेणाची एक सुरकुती पडली होती. गरम सुरीने पुसायला गेलो आणि थांबलो. नांगराची मूठ धरून झालेल्या हाताला तिथेच घडी पडते. ठेवली.

7 डिसेंबर
दुपारी रनर आणि हवेच्या नळ्या जोडल्या. बोटांच्या टोकांना स्वतंत्र नळ्या दिल्या, नाहीतर हवा कोंडते आणि धातू नखापर्यंत पोचत नाही. मग प्लॅस्टर आणि विटांच्या भुकटीचं जाड कवच.

11 डिसेंबर
1967 सालचा कोयनेचा भूकंप आजच्याच तारखेला, पहाटे झाला. धरणाच्या जलाशयाशी जोडलेल्या भूकंपांची चर्चा जगात कुठेही निघाली की कोयनेचं नाव येतंच.

ग्रीकांनी समुद्र आणि भूकंप एकाच देवाकडे दिले. होमर पोसायडनला भूमी हादरवणारा म्हणतो. सह्याद्रीतल्या धरणांच्या मुलखात या देवाला परका कसं म्हणायचं? काल एक मित्र म्हणाला, “अरे, आपले देव काय कमी आहेत का?” कमी नाहीतच. पण हा देवही व्यापाऱ्यांबरोबर सह्याद्री चढून पंचगंगेपर्यंत आला होता. त्याला इथला रहिवास मागायचा हक्क आहे असं मी मानतो.

14 डिसेंबर
घोटवडे फाट्याच्या पुढे भट्टीवर. आधी कवच तापवून मेण वितळवून काढलं, आत देवाच्या आकाराची पोकळी उरली. गनमेटल घेतलंय, तांबं 85 टक्के, कथील, जस्त आणि शिसं प्रत्येकी 5. मूस भट्टीतून निघाली तेव्हा रस नारिंगी होता, वर मळीची साय. कारागिराने ती एका फटक्यात बाजूला केली आणि खालून जो लखलखीत धातू दिसला त्याला आपल्याकडे रंगाचं नाव नाही. तापमान अकराशे अंशांच्या वर. ओतताना कोणी बोलत नाही, धार तुटता कामा नये. शेवटी हवेच्या नळ्यांतून धातू वर डोकावला तसे मिस्त्री म्हणाले, “पोचला बघा नखापर्यंत.”

15 डिसेंबर
कवच फोडलं. बोटं पाचही शाबूत, सुरकुतीसुद्धा. रनर कापायचे, मग छिनी आणि कानस.

27 डिसेंबर
ताम्हिणी उतरून भिऱ्याला गेलो. मुळा नदी खरं तर पूर्वेला, पुण्याकडे वाहणारी. धरणात अडवलेलं तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं, खाली भिऱ्याला त्यावर वीज होते आणि पुढे ते कुंडलिकेत मिसळतं. कोलाडला राफ्टिंगवाले याच पाण्याची वाट पाहतात. कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते आणि तिथे शेजारी चौल, अभ्यासकांच्या मते ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरवर्णनातलं सेमुल्ला बंदर. कोल्हापूरचा पोसायडन कुठल्या धक्क्याला उतरला असेल ते असो. ग्रीक-रोमन जगाची जहाजं ज्या किनाऱ्याला लागत, तिथे आज मुळशीचं पाणी पोचतं. हे घाटाखाली उभं राहून पाहिल्यावर मूर्तीचं तोंड कुणीकडे करायचं हा प्रश्न सुटला. पश्चिमेकडेच.

2 जानेवारी
रंग चढवला. लिव्हर ऑफ सल्फरचा तपकिरी हात सगळीकडे दिला. हिरवा पॅटिना फक्त गुडघ्यांखाली, पाण्याची पातळी चढते-उतरते तिथवर. पालथा तळवा कोरा ठेवला, धातूचा मूळ रंग दिसू दिला. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात लागून तो उजळत राहावा. जोत्याला संगमरवर सुचवणाऱ्यांना नाही म्हणून टाकलं. पौडच्या पाथरवटाला काळ्या दगडाचं माप दिलंय, वरची बाजू घासायची नाही असं बजावून.