टॅलेक्वा : न संपलेलं राष्ट्र

सेक्वोयाचं वेड मला जुनं. इंग्रजी वाचता येत नसताना अमेरिकेतल्या मूलनिवासी चेरोकी समाजातल्या या चांदीकारागिराने 1821 च्या सुमारास आपल्या भाषेची लिपी एकहाती घडवली, आणि काही वर्षांतच बराचसा समाज लिहितावाचता झाला. त्यामुळे ‘चेरोकी राष्ट्राची राजधानी इथून जवळच आहे’ असं ओक्लाहोमातल्या टल्साचे स्नेही म्हणाले, तेव्हा बाकीचा बेत मोडून टॅलेक्वा गाठलं. मोटेलात हायवेच्या घरघरीने रात्रभर झोप लागू दिली नाही. पण सकाळी रस्त्याच्या पाटीवर इंग्रजीसोबत सेक्वोयाची अक्षरं दिसली आणि शीण पळाला.

देखणी कॅपिटॉल इमारत घाईनेच पाहिली. पाय रेंगाळले ते 1844 च्या विटांच्या न्यायालयात. 1838-39 मध्ये जॉर्जिया आणि आसपासच्या मुलखातून हुसकावलेली ही माणसं; त्या वाटेवर सुमारे 4,000 जीव गेले असं मानतात. पाच-सहा वर्षांत त्यांनी इथे न्यायालय बांधलं, वर्तमानपत्र काढलं!

सोबतचे इतिहासाचे प्राध्यापक म्हणाले, “1907 मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं आणि हे राष्ट्र संपलं.” मला ते पटेना. ओक्लाहोमातल्याच मस्कोगी या दुसऱ्या मूलनिवासी राष्ट्राचा राखीव प्रदेश अमेरिकन काँग्रेसने कधी बरखास्तच केला नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दिला. पुढच्याच वर्षी ओक्लाहोमाच्या न्यायालयाने तोच न्याय चेरोकींना लावला. “कागदावर,” प्राध्यापक म्हणाले.

कागदाबाहेरचं पाहायचं तर चेरोकींचं बेल गाव आहे. 1980 च्या दशकात तिथल्या कित्येक घरांत नळ नव्हता. चेरोकी कार्यकर्त्या विल्मा मॅनकिलर यांनी गावकऱ्यांना एकत्र आणलं. आपल्याकडे इर्जिक घालतात, तशी चेरोकींची गडुगी, म्हणजे सामूहिक श्रमाची रीत. माणसांनी स्वतः राबून सुमारे 26 किलोमीटर पाइप टाकला. 1985 मध्ये मॅनकिलर राष्ट्राच्या प्रमुख, म्हणजे प्रिन्सिपल चीफ झाल्या. आज टॅलेक्वात राष्ट्राचं मोठं आरोग्य केंद्र, 2020 पासून वैद्यकीय महाविद्यालय आणि चेरोकी माध्यमाची शाळा आहे.

एक डाग मात्र झाकू नये. धनिक चेरोकींकडे काळे गुलाम होते. अमेरिकेशी झालेल्या 1866 च्या तहाने त्या मुक्त झालेल्या गुलामांना आणि त्यांच्या वंशजांना नागरिकत्वाचे हक्क दिले. चेरोकींच्या 2007 च्या मतदानाने ते हिरावले. 2017 मध्ये फेडरल न्यायालयाने परत मिळवून दिले. अखेर 2021 मध्ये चेरोकींच्याच सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राच्या घटनेतली ‘रक्ताने चेरोकी’ असण्याची अट काढून टाकली. गुलाममुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण करणाऱ्या जोतीरावांच्या वाचकांनी हा निकाल ध्यानात ठेवावा. स्वतःच्या घटनेतला अन्याय स्वतःच्याच न्यायालयात दूर करणारं राष्ट्र संपलेलं नसतं.