हिवाळ्यात बर्फाळ प्रदेशात स्थलांतर : तयारी शरीराची की घराची?

ऑक्टोबर उजाडला की माझ्या दवाखान्यात एका ठरावीक प्रकारचे लोक दिसू लागतात. त्यांना काहीही झालेले नसते. नोकरी किंवा शिक्षणासाठी कॅनडाला, अमेरिकेच्या उत्तर भागात नाहीतर जर्मनीला ते निघालेले असतात आणि सोबत प्रश्नांची यादी असते. "डॉक्टर, तिथे उणे वीस असतं म्हणे. आत्तापासून गार पाण्याने आंघोळ सुरू करू का? प्रतिकारशक्तीची एखादी गोळी?" आमच्या सोलापुरात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि डिसेंबरात १५ अंशांना लोक कानटोप्या बाहेर काढतात. तेव्हा हे प्रश्न पडणे अगदी साहजिक आहे.

यंदा मात्र ही यादी आमच्याच घरात तयार झाली. पुण्यात असलेल्या माझ्या धाकट्या भावाची कंपनीने मिनियापोलिसला बदली केली आहे आणि जानेवारीच्या मध्यावर त्याला रुजू व्हायचे आहे. घरात त्याची पत्नी, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि आमची आई. आई ७६ वर्षांची आहे. रक्तदाब जुना, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली आणि हवा बदलली की अधूनमधून इनहेलर लागतो. "दादा, सगळेच एकत्र जाऊ म्हणतोय," भाऊ फोनवर म्हणाला, "तू फक्त आईची औषधं लिहून दे."

मी त्याला म्हटले, औषधे लिहून देतो, पण त्याआधी तारखांबद्दल बोलू.

उष्णतेची सवय होते, थंडीची फारशी होत नाही

आपण समजतो की शरीर कशालाही सरावते. उष्णतेच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे आहे. थंड प्रदेशातला निरोगी माणूस सोलापूरच्या उन्हाळ्यात आला, तर दहा-चौदा दिवसांत त्याचे शरीर बदलते. घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, त्यातून मीठ कमी जाते आणि रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते.

थंडीत असे होत नाही. गार हवेत मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्र दोनच मुख्य आदेश देते : त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचित करा आणि कुडकुडा. कुडकुडण्याने उष्णतेची निर्मिती विश्रांतीच्या तुलनेत चार-पाच पटींपर्यंत वाढू शकते, पण स्नायू त्यात लवकर थकतात. प्रौढांच्या शरीरातही उष्णता निर्माण करणारी 'तपकिरी चरबी' कार्यरत असते, हे २००९ मध्ये स्पष्ट झाले. तरी तिचे प्रमाण अगदी थोडे असते. वारंवार थंडीत राहिल्यावर माणसाला थंडी कमी *जाणवते*, हे खरे. पण उष्णता टिकवून धरण्याची ताकद त्या मानाने वाढत नाही. म्हणून गार पाण्याच्या आंघोळीने मिनियापोलिसची तयारी होत नाही. बर्फाळ प्रदेशातले लोक टिकून राहतात ते घर, कपडे आणि वेळापत्रक यांच्या जोरावर. नवख्या कुटुंबाने मेहनत घ्यायची ती याच तीन गोष्टींवर.

आईचा प्रश्न

मिनियापोलिसचे जानेवारीतले सरासरी तापमान उणे आठ-नऊ अंश सेल्सियसच्या आसपास असते. ३० जानेवारी २०१९ रोजी तिथे पारा उणे ३३ पर्यंत उतरला होता आणि वाऱ्यामुळे ती थंडी उणे ४८ सारखी भासत होती. असे दिवस रोज येत नाहीत, पण ते येऊ शकतात हे धरूनच बेत आखावा लागतो.

त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळल्या की तेवढे रक्त आत, छाती-पोटाकडे ढकलले जाते. रक्तदाब वाढतो, हृदयाला जास्त दाबाविरुद्ध काम करावे लागते आणि त्याच वेळी हृदयाच्या स्वतःच्या रोहिणीही आकुंचन पावू शकतात. निरोगी माणसाला हे कळतही नाही. ज्याच्या रोहिणीत आधीच अडथळे आहेत, त्याच्या छातीत मात्र दुखू शकते. आत ढकललेल्या रक्तामुळे मूत्रपिंडांना पाणी जास्त झाल्याचा भास होतो, म्हणून थंडीत लघवी जास्त होते. तहान मात्र लागत नाही. वृद्ध माणसे नकळत कोरडी पडतात ती अशी. शिवाय गार, कोरडी हवा थेट श्वासनलिकेत गेली की दम्याच्या रुग्णाची नलिका आखडते.

आणखी एक धोका म्हणजे घसरणे. फुटपाथवर बर्फाचा पातळ, पारदर्शक थर असतो. तो ओल्या डांबरासारखा दिसतो. या वयात पडणे म्हणजे मनगटाचे किंवा खुब्याचे हाड. त्यात आईला ॲस्पिरिन चालू आहे, म्हणजे डोक्याला मार लागला तर रक्तस्रावाची भीती जास्त.

हे सगळे मी आईला समजावून सांगितले. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "अरे, धाकट्याला मी वाढवलंय. चार महिने दिसले नाही तर विसरेल तो मला. आणि तुम्ही मला सामानासारखी इकडून तिकडे ठेवणार."

हा मुद्दा वैद्यकीय नाही म्हणून बाजूला सारता येत नाही. वृद्धांचा एकटेपणा ही प्रकृतीचीच बाब आहे. पतीच्या निधनानंतर किंवा मुले दूर गेल्यावर जेवण तुटलेले, गोळ्या चुकवणारे कितीतरी वृद्ध मी तपासत आलो आहे. म्हणून मी तिला 'जाऊ नकोस' म्हटले नाही, तारीख सांगितली. पर्यटक व्हिसावर साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत राहू देतात. जानेवारी ते जुलैऐवजी मे अखेर ते नोव्हेंबरचा पूर्वार्ध असा मुक्काम ठेवला तर तिला नातवंडांबरोबर रोज बागेत जाता येईल आणि परतण्याआधी थंडीची सुरुवातही पाहता येईल. मधले महिने ती सोलापुरात माझ्याकडे राहील. रोज ठरलेल्या वेळी नातवंडांनी व्हिडिओ कॉल करायचा, ही अट तिने घातली. आम्ही ती कागदावर लिहून घेतली.

आधी घर, मग माणसे

भावाने एकट्याने पुढे जावे आणि तीन-चार आठवड्यांनी बाकीच्यांना बोलवावे, असे ठरले. या काळात त्याने पाहायच्या गोष्टी अशा :

घरातील हवा. बाहेरची उणे पंधरा अंशांची हवा आत आणून २१ अंशांपर्यंत तापवली आणि तिच्यात बाष्प मिसळले नाही, तर तिची आर्द्रता दहा टक्क्यांच्याही खाली जाते. मग नाकातून रक्त येते, ओठ फुटतात, खोकला सुटतो. माझ्या पुतण्याला इसब आहे. अशा मुलांची त्वचा फार चरचरते. यावर ह्युमिडिफायरने आर्द्रता तीस-चाळीस टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. खिडक्यांवर पाणी साचू लागले तर ती जास्त झाली असे समजावे, कारण पुढे बुरशी धरते. आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात. अंग टिपून झाल्यावर लगेच जाडसर मलम किंवा पेट्रोलियम जेली.

कार्बन मोनॉक्साइड. या वायूला वास नसतो. आपल्याकडे बंद न्हाणीघरातील गॅस गिझरने झालेले मृत्यू वाचकांना आठवत असतील, कारण तेच. बंद घरात तापयंत्र बिघडले, किंवा गाडीचा धूर बाहेर टाकणारा पाइप बर्फाने बुजलेला असताना इंजिन चालू ठेवले, की हा वायू साठतो. घरात धोक्याची घंटा देणारे यंत्र चालू आहे का, हे पहिल्याच दिवशी तपासावे. घरातल्या सगळ्यांचे एकाच वेळी डोके दुखू लागले तर सर्दीची गोळी शोधू नका, बाहेर पडा.

बर्फ उपसणे. भाऊ ४८ वर्षांचा आहे आणि दिवसभर खुर्चीत बसतो. पहाटेच्या थंडीत, श्वास रोखून, जड फावडे उचलणे हा अशा हृदयावरचा अचानक आलेला भार आहे. निघण्यापूर्वी त्याची हृदयतपासणी करून घेतली. तरीही त्याला सांगितले आहे की थोडा थोडा बर्फ ढकलायचा, उचलायचा नाही. छातीत दाटले तर फावडे टाकून आत यायचे आणि ९११ ला फोन करायचा.

कपडे आणि मुले

धाकट्या भावजयीचा प्रश्न होता, "दादा, स्वेटर इथूनच विणून नेऊ का?" न्यावेत, पण ते मधल्या थराचे काम करतील. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर्मल हवा. सुती नको, कारण सुती कापड घाम धरून ठेवते आणि ओले कापड अंगातली उष्णता भराभर ओढून घेते. सर्वांत बाहेर वारा व पाणी अडवणारा कोट. हातात बोटे वेगळी असलेल्या मोज्यांपेक्षा चार बोटे एकत्र राहतात ते मोजे जास्त उबदार. बूट घट्ट नकोत. दोन मोजे कोंबून बूट आवळला की रक्तप्रवाह कमी होऊन पाय अधिकच गार पडतात. कोट आणि बूट तिथेच घ्यावेत. तिथल्या थंडीच्या मापाचे असतात. मुलांना गाडीतील सीटच्या पट्ट्यात बांधताना फुगीर कोट काढावा आणि वरून पांघरावा. कोट अंगात असला तर पट्टा घट्ट वाटतो, पण अपघातात कोट दबतो आणि पट्टा सैल पडतो.

मुलांच्या शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा असतो, म्हणून ती लवकर गार होतात. खेळात मग्न असताना सांगतही नाहीत. वाऱ्यासह भासणारे तापमान उणे २८ च्या खाली गेले की उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. कान, नाकाचा शेंडा, गाल आणि बोटे पाहत राहावे. त्वचा पांढुरकी, मेणासारखी आणि बधिर झाली तर मुलाला लगेच आत आणावे, ओले कपडे काढावेत आणि तो भाग ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात धरावा. चोळू नये, हीटरसमोर धरू नये. बधिर त्वचेला भाजलेले कळत नाही. बर्फाने चोळण्याचा सल्ला नेपोलियनच्या रशिया मोहिमेतील शल्यचिकित्सक लारे याच्यापासून चालत आला आणि शंभराहून अधिक वर्षे टिकला. तो चुकीचा आहे. तसेच 'दोन घोट ब्रँडी' हाही. दारूने त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडतात, ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते.

खूप कुडकुडणारा माणूस अचानक कुडकुडायचा थांबला, बोलताना अडखळू लागला किंवा गुंगीत गेला, तर तो सुधारलेला नसतो. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले असण्याची शक्यता असते. ही तातडीने रुग्णालयात नेण्याची वेळ आहे.

सूर्यप्रकाश आणि औषधांची पिशवी

डिसेंबरअखेर मिनियापोलिसला पावणेआठच्या सुमारास उजाडते आणि साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. १९८८ मधील एका अभ्यासात बॉस्टनला नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि एडमंटनला ऑक्टोबर ते मार्च या काळात उन्हात त्वचेत 'ड' जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही, असे दिसले. मिनियापोलिस या दोन्हींच्या मधल्या अक्षांशावर आहे आणि आपल्या सावळ्या त्वचेला ऊन जास्तच लागते. म्हणून गोळीतून रोज ६०० युनिट, सत्तरीनंतर ८०० युनिट 'ड' मिळेल असे पाहावे. आपल्याकडची ६०,००० युनिटची पुडी मनाने आठवड्यामागून आठवडे घेत राहू नये. अंधाऱ्या महिन्यांत काहींना सलग उदास वाटते, झोप आणि भूक वाढते. १९८४ मध्ये या हिवाळी नैराश्याचे रीतसर वर्णन झाले. त्यावर सकाळच्या प्रखर प्रकाशाचे उपचार आहेत. दिवसभर घरात राहणाऱ्या जोडीदाराकडे याबाबत जास्त लक्ष असावे, हे मी भावाला मुद्दाम सांगितले.

औषधांच्या चिठ्ठीवर ब्रँडचे नाव चालत नाही, मूळ नाव लिहून घ्या. आपले पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन होते, आणि साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल. आपल्याकडच्या संयुक्त गोळ्या तिथे तशाच मिळतील असे नाही, म्हणून प्रत्येक घटक आणि त्याची मात्रा वेगळी लिहावी. इन्शुलिन बाहेर उभ्या गाडीत ठेवू नये. एकदा गोठलेले इन्शुलिन वितळल्यावरही टाकूनच द्यावे. फ्लूची लस प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी. वृद्धांच्या विम्यात आधीपासूनचे आजार धरले आहेत का, हे पैसे भरण्यापूर्वी वाचावे.

असे स्थलांतर ठरले असेल, तर निघण्याआधी सहा आठवडे घरातल्या सर्वांनी, लहान मुलांसह, आपल्या फॅमिली डॉक्टरांना एकदा भेटावे. जाताना गोळ्यांची यादी न्या, आणि घरातल्या प्रत्येकाने कोणत्या महिन्यात निघायचे हेही विचारा. सगळ्यांची विमानाची तारीख एकच असायला हवी, असा काही नियम नाही.